यादी मॉनिटरपासून सुरू कर

पत्र: ताई, मी २३ वर्षांची आहे. नोकरी लागल्यापासून दोन वर्षं पैसे बाजूला टाकले आणि आता गेमिंगचा कॉम्प्युटर असेंबल करायचं ठरवलंय. रोज व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळते, सुट्टीला सायबरपंक २०७७ आणि एल्डन रिंग. सध्या जुन्या लॅपटॉपवर सगळं रडतखडत चालतं. चुलतभावानं यादी करून दिलीय: इंटेल कोअर आय९-१४९००के, त्याला ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, आरटीएक्स ४०६० म्हणजे ८ जीबीचं कार्ड, १६ जीबी रॅमची एक स्टिक (दुसरी नंतर टाकू म्हणतो), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि काचेचं कॅबिनेट, ज्याच्याबरोबर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) फुकट मिळतो. मॉनिटर घरात आहे तोच, १०८० पी, ६० हर्ट्झचा. दादा म्हणतो, प्रोसेसर दणकट घेतला की दहा वर्षं बघायला नको. मला एवढंच विचारायचंय, ८ जीबीचं कार्ड पुरेल का?

यादी हातात घेऊन बसलेली

उत्तर:

विचारलंस कार्डाबद्दल, पण मी अडकले ते मॉनिटरच्या ओळीवर. "घरात आहे तोच." अख्ख्या पत्रात याच वस्तूबद्दल तुम्ही दोघांनी काही विचार केलेला दिसत नाही, आणि नेमकी तीच वस्तू तू रोज चार तास बघणार आहेस.

तुझा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. आय९नं व्हॅलोरंटमध्ये सेकंदाला ४०० फ्रेम, म्हणजे चित्रं, काढल्या तरी त्या मॉनिटरवर पूर्ण चित्रं ६०च उमटणार. माऊस किंचित चपळ वाटेल, हे कबूल. पण तेवढ्यासाठी कोणी सगळ्यात वरचा प्रोसेसर घेत नाही. एल्डन रिंगची गोष्ट तर आणखी गमतीची. तो गेम कॉम्प्युटरवर मुळातच ६० फ्रेमला बांधलेला आहे. आय९ असो की साधा सहा कोअरचा प्रोसेसर, ६० म्हणजे ६०. तुझ्या यादीतली सगळ्यात महाग वस्तू तुझ्या सुट्टीच्या दिवशी हातावर हात ठेवून बसणार आहे.

म्हणून यादी उलटी वाचू. आधी मॉनिटर ठरव, त्यावरून कार्ड, कार्डावरून प्रोसेसर, आणि बाकीचं त्यांच्या मागून.

मॉनिटरवर १०८० पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० पीला ३६.९ लाख आणि ४केला ८२.९ लाख, म्हणजे १०८० पीच्या बरोबर चौपट. हे सगळे पिक्सेल रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. प्रोसेसरचं काम वेगळं: गोळी कुठे लागली, समोरचा कुठे वळला, भिंत पडली का, हे हिशेब करून कार्डाला "आता हे काढ" असं सांगायचं. पिक्सेल वाढले म्हणून प्रोसेसरचं काम फारसं वाढत नाही, कार्डाचं मात्र वाढतं. उलट सेकंदाला जास्त फ्रेम हव्या असतील तर प्रोसेसरला तितक्या वेळा हिशेब करावा लागतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मे वाद संपतात.

पटत नसेल तर आज लॅपटॉपवरच करून बघ. सायबरपंकमध्ये गर्दीच्या बाजारात जाऊन उभी राहा, फ्रेमचा आकडा लिहून ठेव. मग सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण आणि त्याच जागी, त्याच दिशेला बघत पुन्हा आकडा लिही. आकडा टुणकन वर गेला तर घोडं कार्डापाशी अडलं होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसरपाशी. लोक ज्याला बॉटलनेक म्हणून घाबरवतात ते एवढंच आहे, आणि ते प्रत्येक गेममध्ये वेगळं असतं. व्हॅलोरंटमध्ये तो जवळजवळ नेहमी प्रोसेसरकडे असतो, सायबरपंकमध्ये किरणांचा हिशेब करणारं रे ट्रेसिंग चालू केलंस की बहुधा कार्डाकडे.

तू खेळतेस त्या तीन गेमना एकच मॉनिटर सुचवायचा तर मी १४४० पी, २७ इंची, आयपीएस पॅनेल, १६५ हर्ट्झ किंवा त्याच्या आसपासचा सुचवीन. १६५ हर्ट्झला एक फ्रेम ६ मिलिसेकंदांची होते. व्हॅलोरंटमध्ये कोपऱ्यावरून कोणी डोकावलं की हा फरक कळतो, सांगावा लागत नाही. अडॅप्टिव्ह सिंक (मॉनिटरची गती फ्रेमशी जुळवणारी सोय) असलेला घे, म्हणजे सायबरपंकमध्ये फ्रेम ७० आणि ९० च्या मध्ये खालीवर होत असल्या तरी चित्र चिरणार नाही. ४केच्या वाटेला जाऊ नकोस. तो मॉनिटर पुढे दर दोन-तीन वर्षांनी तुझ्याकडे नवीन कार्ड मागेल.

आता तुझा प्रश्न. ८ जीबी पुरेल का? व्हॅलोरंटला ढिगानं पुरेल. सायबरपंकला १४४० पीवर, टेक्स्चर (भिंती-जमिनीवरची चित्रं) आणि रे ट्रेसिंग वर ठेवून, नाही पुरणार. आणि कमी पडल्यावर ते कसं कमी पडतं हे बघण्यासारखं आहे. आरटीएक्स ४०६० स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २७२ जीबी या वेगानं वाचतं. ती मेमरी भरली की उरलेला माल मदरबोर्डवरच्या साध्या रॅममध्ये जाऊन बसतो, आणि तिथून तो पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेनं परत आणावा लागतो. या कार्डाला त्या वाटेच्या आठच लेन आहेत, वेग सेकंदाला साधारण १६ जीबी. म्हणजे सतरा पट संथ. म्हणून सरासरी फ्रेम ठीक दिसतात आणि तरी गाडीतून वळण घेतलं की चित्र अर्धा क्षण गोठतं, किंवा समोरच्या भिंतीवरचं चित्र आधी चिखलासारखं येतं आणि मग स्पष्ट होतं. कोणत्याही तक्त्यातल्या सरासरीत हे दिसत नाही, खेळताना मात्र डोक्यात जातं. कार्डांची तुलना बघशील तेव्हा सरासरीच्या शेजारचा "१ टक्का लो" (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा) हा आकडा बघ. अडखळणं तिथे पकडलं जातं.

तेव्हा कार्ड १६ जीबीचं घे. एनव्हिडियाकडे आरटीएक्स ५०६० टीआय आहे, एएमडीकडे आरएक्स ९०६० एक्सटी. दोन्ही २०२५ ची, आणि दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत निघाली आहेत, तेही जवळजवळ त्याच नावानं. खोका हातात आला की आकडा स्वतः वाच, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नकोस. यातलं कोणतं? सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग मनापासून हवं असेल तर ५०६० टीआय. नसेल, तर दोन्हींत जे स्वस्त मिळेल ते. यापेक्षा खोल जाऊन रात्र जागवण्यात अर्थ नाही.

डीएलएसएस आणि एफएसआर हे अपस्केलिंगचे प्रकार तुला माहीत असतीलच. कार्ड चित्र लहान काढतं आणि मग ते मोठं करून दाखवतं. १४४० पीवर डीएलएसएस "क्वालिटी" निवडलंस की कार्ड प्रत्यक्षात ९६० पीचं चित्र काढतं, म्हणजे साध्या १०८० पीपेक्षाही कमी पिक्सेल. म्हणून मधल्या कार्डाला १४४० पीचा मॉनिटर जड होईल ही भीती आता फारशी उरलेली नाही. फ्रेम जनरेशन मात्र वेगळं. त्यात मधल्या फ्रेम नव्यानं रचल्या जातात, आकडा फुगतो, पण हाताला जाणवणारा उशीर कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. सायबरपंकमध्ये खुशाल वापर. नेमबाजीच्या खेळात मी त्याला हात लावत नाही.

आता दादाचा लाडका प्रोसेसर. १४९००के हा वाईट प्रोसेसर नाही. २४ कोअर आहेत, व्हिडिओ एडिट करणाऱ्याच्या ते कामी येतील. तुझे गेम त्यातले सहा-आठच धड वापरतील. बदल्यात तो पूर्ण जोरात असताना २५३ वॅटपर्यंत खेचतो, म्हणून तो लिक्विड कूलर, म्हणून मोठं कॅबिनेट, म्हणून भारी मदरबोर्ड. एका वस्तूनं तीन वस्तू महाग केल्या. त्यात इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते. २०२४ मध्ये कंपनीनं ते मान्य केलं, ऑगस्टपासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटनं पुढचं नुकसान टळतं, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर दुरुस्त होत नाही. वापरलेला घ्यायचा दादाचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढायला सांग.

आणि "दहा वर्षं बघायला नको" हे खरं व्हायचं असेल तर ते सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेवर, अवलंबून असतं. १४९००केचा एलजीए १७०० हा सॉकेट तिथेच संपला. इंटेलचे पुढचे डेस्कटॉप प्रोसेसर दुसऱ्या सॉकेटवर गेले. उलट उदाहरण बघ. २०१७ साली एएम४ मदरबोर्ड घेतलेल्या कितीतरी लोकांनी २०२२ मध्ये बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि त्याच बोर्डावर रायझन ७ ५८००एक्स३डी बसवला. पाच वर्षांनी बोर्ड तोच, रॅम तीच. त्यानंतरचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत तरी तो चालू ठेवू असं एएमडीनं जाहीर केलंय. तू आज रायझन ५ ७६०० घे. सहा कोअर, ६५ वॅटच्या वर्गातला, खोक्यातच साधा कूलर मिळतो. तो कूलर चालतो पण आवाज करतो. खटकला तर चार पाइपांचा एखादा बरा एअर कूलर लाव, लिक्विडची गरज नाही. पुढे कधी व्हॅलोरंटचं वेड आणखी वाढलं तर त्याच बोर्डावर ९८००एक्स३डीसारखा मोठ्या कॅशचा (आतल्या झटपट मेमरीचा) प्रोसेसर बसेल. बोर्ड बी६५० चिपसेटचा पुरे. एवढंच बघ की व्होल्टेजच्या भागावर हीटसिंक आहे, रॅमचे चार नाही तरी दोन स्लॉट आहेत आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न बसवताही बायोस अपडेट करायचं) बटण आहे. एक्स अक्षरानं सुरू होणारे महाग चिपसेट तुला काहीही जास्त देणार नाहीत.

रॅमबद्दल मात्र दादाशी भांड. "एक स्टिक आता, दुसरी नंतर" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि ती दुसरी स्टिक आलेली फार कमी वेळा पाहिलीय. एका स्टिकवर प्रोसेसर आणि रॅममधला अर्धा रस्ता बंद राहतो. ज्या गेममध्ये घोडं प्रोसेसरपाशी अडतं, म्हणजे तुझा व्हॅलोरंट, तिथेच ते सगळ्यात जास्त झोंबतं. १६ जीबीच्या दोन स्टिक एका पॅकमधल्या घे, डीडीआर५-६०००, सीएल३०. त्या सीएलकडे, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते त्याकडे, लक्ष दे. ६००० ला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, त्याच ६००० ला सीएल४० म्हणजे १३.३. वेष्टणावर दोन्हीकडे "६०००" ठळक छापलेलं असतं, सीएल मात्र भिंग घेऊन शोधावा लागतो. नंतर आणखी दोन स्टिक घालून चार करायचा बेत करू नकोस. चारही स्लॉट भरले की रायझन ७००० साठी अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे ३२ जीबी आवाक्याबाहेर जात असेल तर ८-८ च्या दोन घे. १६ ची एक नको.

एसएसडीची निवड बरोबर आहे, ती बदलू नकोस. फक्त टीएलसीची (एका कप्प्यात तीन बिट साठवणारी) घे, क्यूएलसीची (चार बिटवाली) नको. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीची पुरे, पाचवीच्या वेगाचा गेमला उपयोग नाही. सायबरपंकनं तर २०२३ पासून आपल्या किमान गरजांमधूनच हार्ड डिस्क काढून टाकली आहे.

आता त्या फुकटच्या एसएमपीएसकडे वळते. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे हात पोळलेत. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला असाच कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस होता. बाहेर मोठ्या अक्षरांत "५०० वॅट". वर्षभर चालला. मग एका संध्याकाळी गेम लोड होताना टक् असा आवाज आला, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि सगळं बंद. एसएमपीएस गेला त्याचं दुःख नव्हतं. जाताना तो मदरबोर्ड घेऊन गेला. नंतर तो काढून हातात धरला तर एखाद्या रिकाम्या डब्यासारखा हलका. स्टिकर पहिल्यांदाच नीट वाचला, तर १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त २२ अँपिअर. बारा गुणिले बावीस, २६४ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही आपली वीज १२ व्होल्टमधूनच घेतात, त्यामुळे खरा आकडा तोच होता. "५००" ही नुसती सजावट.

तेव्हा स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचायची सवय लाव. तुझा हिशेब सोपा आहे: ५०६० टीआय १८० वॅट, ७६०० जास्तीत जास्त ८८, बाकी बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून पन्नास-साठ धर. साडेतीनशेच्या आत. झटके आणि पुढचं कार्ड धरून ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. ८५० साठी कोणी आग्रह केला तर नमस्कार कर आणि पुढे चल. ८० प्लसचा ब्राँझ किंवा गोल्ड बिल्ला कार्यक्षमता सांगतो, म्हणजे किती वीज उष्णतेत वाया जाते ते. शॉर्ट झाल्यावर तो वेळेवर बंद होईल का, हे तो सांगत नाही. म्हणून ज्याचं आतलं उघडून कोणीतरी तपासून लिहिलंय आणि ज्याला किमान पाच वर्षांची वॉरंटी आहे असाच घे. आणखी एक: मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येतात अशा) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, खाच तंतोतंत बसली तरी. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची जुळणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि एका चुकीत एसएसडीपासून बोर्डापर्यंत काहीही जाऊ शकतं. जुनं कार्ड, जुना प्रोसेसर कोणी दिला तर तपासून घे म्हणेन. जुना एसएमपीएस घेऊ नकोस.

कॅबिनेट तुझ्या आवडीचं घे, पण पुढचा भाग जाळीचा हवा. समोर सपाट काच असेल तर पंखे भिंतीकडे तोंड करून उभे असल्यासारखे होतात. घेण्यापूर्वी कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये जुळवून बघ. दिवे हवेत तर लाव. मी नावं ठेवणार नाही, माझ्याही पंख्यांना आहेत.

आय९, त्याचा कूलर आणि त्याला लागणारा बोर्ड वजा केल्यावर जे सुटेल, ते मॉनिटर, १६ जीबीचं कार्ड आणि एसएमपीएस यांच्यात वाट. तरीही तोंडमिळवणी होत नसेल तर आधी मॉनिटर आणि बाकीचा कॉम्प्युटर घे. व्हॅलोरंटसाठी स्वस्तातलं जुनं कार्ड लावून दोन महिने काढ, मग हवं ते कार्ड आण. ८ जीबीचं नवं कार्ड घेऊन पुढच्या वर्षी विकायला काढण्यापेक्षा हे परवडेल.

जोडायच्या दिवसाबद्दल थोडं. रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये (बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही). कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पट्टी काढ, हसू नकोस, ती राहून जाते. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील, कदाचित पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त. एएम५चे बोर्ड पहिल्या खेपेला रॅमची ओळख करून घेतात, त्याला वेळ लागतो. घाबरून मध्येच वीज काढू नकोस. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला छापील वेगानं चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर तुझी ६००० ची रॅम ४८०० वरच धावत राहील. तिथेच सिक्युअर बूट आणि टीपीएम ही सुरक्षेची सेटिंगही चालू आहेत ना बघ, विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याशिवाय उघडत नाही.

मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लाव, बोर्डाला नाही. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आतच असल्यामुळे बोर्डाला लावलीस तरी चित्र येईल, विंडोज चालेल, सगळं ठीक वाटेल, आणि मग सायबरपंक उघडून तू मला दुसरं पत्र लिहिशील. विंडोज नवीन मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच चालू करतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १६५ निवड.

आणि दादाला त्या दिवशी बोलाव. आय९ नसला म्हणून तो थोडा फुगून बसेल, पण कॅबिनेटच्या मागून वायरी ओढायला दुसरं माणूस लागतंच.